तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळीला दोन चकल्या आणि थँक्सगिव्हिंगला पंगत?

कोल्हापूरहून आत्या विचारते, इथं मिशिगनमध्ये नव्यानं आलेली पोरंही विचारतात: "दिवाळी गपचूप आणि थँक्सगिव्हिंगला घरभर माणसं, हे उलटं कसं?" थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारची इथली सुट्टी, घरोघरी माणसं टर्की या मोठ्या पक्ष्याच्या जेवणाला जमतात.

२०२१ सालचं सांगतो. लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला, गुरुवारी आलं. मी संध्याकाळी सहापर्यंत मीटिंगमध्ये. पूजा उरकली, दोन चकल्या खाल्ल्या, झोपलो. तीन आठवड्यांनी पुन्हा गुरुवार, थँक्सगिव्हिंगचा. त्या दिवशी आमच्या ॲन आर्बर गावात रस्त्यावर चिटपाखरू नसतं. ज्याला जायला घर नाही, त्याला तो दिवस संपता संपत नाही. आधीची तीन वर्षं आम्ही दोघांनी पिठलं-भात खाऊन, शेजाऱ्यांच्या दारातल्या गाड्या मोजत काढली होती. त्या वर्षी बायको म्हणाली, "कुणी बोलवायची वाट कशाला बघायची? आपणच बोलवू."

युनिव्हर्सिटीतली पाच मुलं-मुली सांगितली आणि शेजारचे आजोबा. पंचाहत्तरीचे, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त, बायको गेल्यापासून एकटे.

टर्की आणली मंगळवारी. १६ पौंडांची, म्हणजे सव्वासात किलो, दगडासारखी गोठलेली. एवढा पक्षी फ्रीजमध्ये सुटायला चार दिवस लागतात हे बुधवारी रात्री कळलं. मग दुसरा उपाय: गार पाण्यात बुडवायची आणि दर अर्ध्या तासानं पाणी बदलायचं, पौंडाला अर्धा तास. हिशेब करा. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे आम्ही आळीपाळीनं बादलीपाशी रात्रभर जागलो. सकाळी कातडीखाली लोणी आणि कांदा-लसूण मसाला भरला आणि ओव्हनमध्ये ढकलली. थर्मामीटरच्या काट्यानं १६५ फॅरनहाइट दाखवल्यावर बाहेर काढली, तेव्हा लक्षात आलं की काळीज-गळ्याची कागदी पुडी पोटातच राहिली होती.

खरं सांगायचं तर टर्की गावठी कोंबडीच्या पासंगालाही पुरत नाही. तंगडी बरी, छातीचं मांस म्हणजे भुसा. क्रॅनबेरी या आंबट लाल फळांचा मात्र गूळ-लवंग घालून मोरांबा केला होता, तो सगळ्यात आधी संपला. आजोबा तोंड पाडूनच आले होते. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉईट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाची मॅच ही १९३४ पासूनची रीत. त्या मोसमात एकही मॅच न जिंकलेले लायन्स त्या दुपारीही शेवटच्या किकवर १६-१४ हरले. पण मसाल्याची तंगडी खाऊन आजोबांचं नाक वाहायला लागलं आणि माणूस खुलला. जाताना म्हणाले, "शनिवारी आपल्या मिशिगन युनिव्हर्सिटीची ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीशी फुटबॉल मॅच आहे. बायकोची सीट रिकामीच असते. येतोस?"

शुक्रवारी उरलेल्या हाडांचा तांबडा रस्सा केला. शनिवारी तो थर्मासात भरून स्टेडियमच्या पार्किंगमध्ये नेला. तिथं सकाळपासून गाड्यांच्या डिक्क्या उघडून शेगड्या पेटलेल्या. आजोबांच्या मित्रांनी रस्सा आधी हुंगला, मग प्याले, मग थर्मास उलटा करून बघितला.

मिशिगन स्टेडियम बाहेरून बुटकं दिसतं, कारण बरंचसं जमिनीखाली आहे. दारातून आत शिरलो आणि एकदम खाली मैदान दिसलं. कोल्हापूरच्या खासबागेतल्या कुस्तीच्या आखाड्याचीच रचना, फक्त बसायला १,०७,६०१ जागा! आणि वरून बर्फ.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, एवढंच आजोबांनी शिकवलं. बाकीचं मला शिकवावं लागलं नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या फुटबॉल मॅचला वडिलांच्या खांद्यावर बसलेला माणूस मी. आमचा फुटबॉल पायानं खेळायचा, यांचा हातानं, पण ईर्ष्या तीच. सीमेवरच्या टोलेडो गावाच्या पट्टीवरून मिशिगन आणि ओहायो ही दोन राज्यं १८३५ मध्ये एकमेकांवर फौजा घेऊन गेली होती. टोलेडो ओहायोला मिळालं, मिशिगनला बदल्यात उत्तरेचं द्वीपकल्प. आजोबा हे अशा रागानं सांगत होते, जणू सातबारा त्यांच्या नावावर होता.

२०११ नंतर मिशिगन ओहायोवर जिंकलंच नव्हतं. त्या दिवशी हसन हॅस्किन्स नावाच्या पोरानं पाच टचडाउन केले (म्हणजे चेंडू घेऊन शेवटची रेघ ओलांडली), स्कोअर ४२-२७. शेवटची शिट्टी झाली आणि कठड्यावरून लोक मैदानात ओतले. गुलाल तेवढा नव्हता. आजोबांचे गुडघे उतरू देईनात, म्हणून आम्ही जागेवरच उभे राहिलो. त्यांनी बायकोच्या सीटवरचा, म्हणजे माझ्या जागेवरचा, बर्फ हातमोज्यानं झाडला आणि काहीच बोलले नाहीत.

रात्री आत्याचा फोन. तिची रविवारची सकाळ.

"आपली पोरं होती काय रे खेळायला?"

"नाही गं."

"मग तुझा घसा का बसलाय?"