कंपनीला कच्चा वाटलेला अल्बम

मी टेक्ससमधल्या डॅलसजवळच्या एका क्लिनिकमध्ये ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र, लावलेल्यांचं मॅपिंग हे माझं रोजचं काम. कानाच्या आत सोडलेल्या प्रत्येक इलेक्ट्रोडला किती करंट द्यायचा, कुठे आवाज जेमतेम कळतो आणि कुठे तो नकोसा होतो, हे रुग्णाला समोर बसवून ठरवायचं. निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केशपेशी साधारण साडेतीन हजार असतात. त्यांचं काम इम्प्लांटमध्ये १२ ते २२ इलेक्ट्रोडना करावं लागतं. बोलणं समजायला तेवढं पुरतं, गाण्याला पुरत नाही. ताल नीट पोचतो, शब्दही बरेचसे पोचतात, पण सूर हरवतो. चार वाद्यं एकदम वाजली की सगळ्याचा एकच कल्ला होतो.

त्या दिवशी आलेले गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, मूळचे टेक्ससचेच. कारखान्यातल्या यंत्रांच्या आवाजात उभी हयात गेली आणि त्यातच कानही गेले. उजव्या कानात इम्प्लांट, डाव्या कानात जुनं श्रवणयंत्र. शस्त्रक्रियेला काही महिने झाले होते आणि चाचण्यांचे आकडे उत्तम होते. शांत खोलीत वाक्यंच्या वाक्यं ते बिनचूक परत म्हणून दाखवत. मी खूश होते, ते नव्हते. सोबत आणलेली एक जुनी एलपी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ हा अल्बम.

‘‘डॉक्टर, बायको काय म्हणते ते आता कळतं,’’ ते म्हणाले. ‘‘हा काय म्हणतो ते कळत नाही. घरी लावला, नुसता गोंगाट. याचं काहीतरी करा.’’

हा अल्बम मला चांगला माहीत होता. टेक्ससमध्ये राहून तो कानावर पडणार नाही असं होत नाही, आणि मला तो मनापासून आवडतो. कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलमध्ये साठच्या दशकात या गाण्याला व्हायोलिनचे ताफे आणि मागे गाणारा कोरस जोडायची पद्धत पडली होती. विलीने तिथे इतरांसाठी अप्रतिम गाणी लिहिली. पॅट्सी क्लाइनने १९६१ मध्ये गाजवलेलं ‘क्रेझी’ त्याचंच. गायक म्हणून मात्र त्या साच्यात त्याचं जमलं नाही आणि तो टेक्ससला परतला. पुढे कोलंबिया कंपनीशी करार करताना त्याने एक गोष्ट पदरात पाडून घेतली, आपलं रेकॉर्डिंग आपल्या मनासारखं करण्याची मुभा. मग १९७५ च्या सुरुवातीला आपली नेहमीची मंडळी घेऊन तो गार्लंडच्या ऑटम साउंड स्टुडिओत गेला. थोरली बहीण बॉबी पियानोवर, मिकी राफाएल हार्मोनिकावर, पॉल इंग्लिश ड्रम्सवर, बी स्पिअर्स बेसवर. विलीच्या हातात ‘ट्रिगर’ हे नाव दिलेली नायलॉनच्या तारांची मार्टिन गिटार. काही दिवसांत आणि सुमारे ४ हजार डॉलरमध्ये काम उरकलं.

गाण्यांमधून एक सलग गोष्ट पुढे सरकते. बायकोला आणि तिच्या प्रियकराला ठार मारून घोड्यावरून भटकणाऱ्या एका माणसाची. गीतरामायण ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना या घाटाचं नवल वाटणार नाही, पण कंट्रीत तेव्हा असे अल्बम थोडेच होते. टेप ऐकून कोलंबियाच्या वरिष्ठांना वाटलं की हा तर कच्चा नमुना आहे, वाद्यं अजून भरायची आहेत. पण करार करार होता. अल्बम १९७५ मध्ये जसाच्या तसा निघाला आणि कंट्री अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलं ‘ब्लू आइज क्रायिंग इन द रेन’ हे फ्रेड रोझचं जुनं गाणं गायक विलीचं पहिलं अव्वल क्रमांकाचं गाणं ठरलं.

मी आधी प्रोसेसरच्या, म्हणजे आवाज टिपून इम्प्लांटकडे पाठवणाऱ्या बाहेरच्या यंत्राच्या, सेटिंगकडे वळले. गोंगाट दाबणारी सोय बोलण्यासाठी वरदान असते, पण सलग वाजणारं वाद्य तिला पंख्याची घरघर वाटते आणि ती तेही दाबून टाकते. ती मी बंद केली. आवाजाची चढउतार कमी करणारं कॉम्प्रेशन सैल केलं. दिवाणखान्यातल्या स्पीकरचा आवाज भिंतींवर आपटून येतो, म्हणून गाणं थेट प्रोसेसरमध्ये सोडलं. डाव्या कानातलं श्रवणयंत्र काढायला लावलं. मला फक्त इम्प्लांटचा कान तपासायचा होता.

एक शंका मनात होतीच. पन्नास वर्षं पाठ असलेलं गाणं माणूस ऐकतो की आठवतो? म्हणून मी क्रम न सांगता मधूनच तुकडे लावले. गायलेले तुकडे त्यांनी एकामागून एक ओळखले. माझ्या विनंतीवरून ते प्रत्येक ओळीमागे बोटाने टेबलावर ठोका देत होते. विली कधी तालाच्या पुढे धावतो, कधी मागे रेंगाळतो, आणि त्यांचं बोट त्या रेंगाळण्याबरोबर थांबत होतं. तेव्हा माझी खात्री पटली. एरवी आठवणीतलं गाणं इतकं नेमकं थांबत नाही, निदान मी तरी तसं पाहिलेलं नाही.

मग मी ‘क्रेझी’ लावलं. लिहिणारा तोच, आणि गाणं त्यांना तितकंच पाठ. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. ‘‘कोणीतरी बाई आहे. मागे काय चाललंय?’’ मागे जॉर्डनेअर्सचा कोरस होता. सामान्य कानाला तो मखमलीसारखा लागतो, पण इम्प्लांटला बाईचा आवाज आणि कोरस वेगळा काढता येत नाही. शेवटपर्यंत त्यांना गाणं ओळखता आलं नाही.

पुन्हा विलीकडे आलो. ट्रिगरचा प्रत्येक स्वर ठसठशीत सुरू होतो आणि लगेच विरतो, पुढच्यावर सांडत नाही. गाणं जवळजवळ बोलण्याच्या लयीत. दोन ओळींच्या मध्ये मोकळी जागा. कंपनीला जिथे काहीतरी भरायला हवं होतं, नेमकी तीच जागा या माणसाच्या मोजक्या इलेक्ट्रोडना लागत होती. हे मी पाठ्यपुस्तकात वाचलेलं होतं, रुग्णांना सांगतही होते, की ओळखीचं आणि कमी वाद्यांचं गाणं आधी घ्या. पण एकाच गीतकाराच्या दोन गाण्यांत इतका लख्ख फरक मी पहिल्यांदाच पाहिला, आणि माझ्या अंगावर काटा आला.

‘‘शब्द आले,’’ ते म्हणाले, ‘‘पण हा सपाट गातोय.’’

तक्रार रास्त होती. आता मी डावं श्रवणयंत्र परत लावायला सांगितलं. त्या कानात वरच्या पट्टीचं काही उरलेलं नाही, पण खर्जाकडचं थोडं ऐकू येतं, आणि सुराची बरीचशी माहिती तिथेच असते. त्यातही शिट्टी रोखणारी यंत्रणा आड येऊ शकते, कारण लांबलेला स्वर तिला आपलीच शिट्टी वाटतो. ती सौम्य केली, दोन्ही कानांचा आवाज जुळवला आणि ‘ब्लू आइज’ पहिल्यापासून लावलं.

पहिलं कडवं संपायच्या आत ते हसायला लागले. ‘‘हा! हा विली!’’ मग मोठ्याने गायलाच लागले, बेसूर आणि खणखणीत. बाहेरून आमची रिसेप्शनिस्ट डोकावून गेली. मी तिला खुणेनेच सांगितलं की सगळं ठीक आहे.

सगळं जमलं मात्र नाही. बॉबीचा पियानो, विशेषतः शब्द नसलेल्या तुकड्यांतला, अजून त्यांच्या हाती लागत नव्हता. पियानोत एकाच वेळी बरेच स्वर असतात आणि ते एकमेकांत मिसळतात. त्यांनी दोनदा ऐकून मान हलवली. ‘‘बॉबी नाही आली.’’ नुसत्या सेटिंगने ती येईल असं मी त्यांना सांगितलं नाही. मेंदूला सराव लागतो आणि तो महिनोन्‌महिने चालतो.

नवी सेटिंग संगीताचा स्वतंत्र प्रोग्राम म्हणून प्रोसेसरमध्ये साठवली, बोलण्याचा प्रोग्राम जसा होता तसाच ठेवला. घरचा अभ्यास लिहून दिला. रोज थोडा वेळ, शांत खोलीत, आधी गायलेली गाणी आणि मग पियानोचा एकच तुकडा, पहिल्यांदा फक्त डाव्या कानाने आणि नंतर दोन्हींनी. त्यांनी कागद एलपीच्या खोळीत सरकवला आणि पुढची तारीख लवकरची मागितली.