गॅस संपलाय, भरून द्या

एसीचं काम ॲपवरून घ्यायला लागल्यापासून हे वाक्य उन्हाळाभर ऐकतोय. दार उघडतं, मी अजून शूज काढतोय, आणि आतून आवाज येतो, "गॅस संपलाय बहुतेक, भरून द्या." अहो संपतो कुठे? स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा तो जळत नाही, तोच तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी लीक आहे, पाइपच्या जोडावरचा फ्लेअर नट ढिला असेल नाहीतर कॉइलला बारीक भोक पडलं असेल, आणि ते न शोधता नुसता भरला तर पुढच्या मार्चमध्ये परत तेच. पण आधीच्या कुणीतरी दरवर्षी भरून पैसे नेलेले असतात, त्यामुळे मी "गॅस बरोबर आहे काका" म्हणलं की काकांना वाटतं याला काम येत नाही.

निघतं काय बहुतेक वेळा? फिल्टर चोंदलेला, ब्लोअरवर काळा थर. जेट पंप मारला की बादलीत जे पाणी उतरतं ते बघून घरातले सगळे गप्प. किंवा आउटडोअरचा, म्हणजे बाहेरच्या युनिटचा, कॉम्प्रेसर सुरू करायला लागणारा कॅपॅसिटर गेलेला, वर लिहिलंय ४५ आणि मीटर दाखवतोय ३०, मग कॉम्प्रेसर उचलेल कसा. आणि काही घरांत तर बिघाडच नसतो, रिमोट १६ वर असतो फक्त. २०२० पासून नवीन एसी चालू केला की आपोआप २४ वर येतो, सरकारनेच तसा नियम केलाय, तरी लोकांचं बोट सरळ १६ वर जातं. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत १६ लावून खोली लवकर गार होत नाही हो, तो नुसता जास्त वेळ चालतो आणि बिल वाढवतो.

आता गोची अशी की नुसत्या सर्व्हिसमध्ये आमच्या हातात फार उरत नाही. रेट ॲपवर ठरलेला, त्यातून कंपनीचं कमिशन, पेट्रोल आपलं, फोमचं केमिकलसुद्धा त्यांच्याकडूनच विकत घ्यायचं. खरे पैसे गॅस आणि पार्टमध्ये. म्हणजे मी खरं बोललो की माझंच नुकसान, वर कंपनीच्या ग्रुपवर मेसेज, रिपेअर कमी का निघतायत तुमची. आणि रेटिंग खाली गेलं की लीड, म्हणजे ॲपवरून येणारी कामं, कमी, अजून खाली गेलं की आयडी ब्लॉक. कामाला नावं ठेवून कमी स्टार दिले तर समजू शकतो, पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून पोचायचं, मग सोसायटीच्या गेटवर एन्ट्री, फोटो, ओटीपी, मॅडम मीटिंगमध्ये म्हणून अप्रूव्हल नाही, आणि शेवटी रिव्ह्यू काय तर "टेक्निशियन लेट".

सगळ्यात डोकं फिरतं ते बिल्डिंगच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत. नवीन टॉवरमध्येसुद्धा आउटडोअर अशा जागी टांगतात की उभं राहायला कठडा नाही, खाली दहा मजले. बेल्ट असतो, पण तो अडकवायचा कशाला, खिडकीच्या ग्रिलला? मी सरळ नाही म्हणतो, जॉब कॅन्सल गेला तरी चालेल. पोरं जातात, कारण कॅन्सल केलं की रेटिंगवर येतं.

दुसरं म्हणजे आर-३२. हल्लीच्या बऱ्याच एसीत हाच गॅस असतो आणि जुन्या आर-२२ सारखा तो नाही, पेट घेऊ शकतो. आयटीआयला हे शिकवतात, पाइप जोडायला टॉर्चची ज्योत लावायच्या आधी सिस्टीम पूर्ण रिकामी करायची, नायट्रोजन मारायचा, खिडक्या उघडायच्या. पण थोडं ट्रेनिंग देऊन बॅग हातात दिलेल्या पोराला स्लॉट संपायची घाई असते, त्याला कोण थांबवणार.

आम्ही कंपनीचे कामगार नाही, "पार्टनर" आहोत. टी-शर्ट त्यांचा, रेट त्यांचा, पडलो तर पाय आपला. सामाजिक सुरक्षा संहितेत आता गिग कामगार, म्हणजे आमच्यासारखे ॲपवरून कामं घेणारे, हा शब्द आलाय, अशा कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीतला १ ते २ टक्के निधीत भरायचा असंही त्यात आहे. सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवून ठेवलंय, तुम्हीपण नोंदवा, फुकट आहे.

पाऊस लागला की एसीच्या लीड आटतात, म्हणून सध्या वॉशिंग मशीन शिकतोय. फ्रंट लोडचा ड्रम नीट उतरवायला दोन माणसं लागतात, कंपनी एकालाच पाठवते.