तुम्ही विचारलंत म्हणून: इटालियन ऑपेरासाठी स्वीडनचा गायक कशाला?

पुच्चीनी आणि वेर्दी या इटालियन संगीतकारांचे ऑपेरा (गाऊन सादर केलेली नाटकं) ऐकायचे तर इटलीत गायकांची काय वाण आहे, मग तुम्ही सारखं त्या स्वीडिश युसी ब्यॉर्लिंगचंच नाव का घेता, असं मला नेहमी विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं उत्तर असं, की तो रडत नाही. त्याच्या आधीच्या आणि बरोबरीच्या बऱ्याच इटालियन टेनरांकडे (टेनर म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक) दुःखाची जागा आली की हुंदका यायचा, सूर मुद्दाम मोडला जायचा. श्रोत्यांना ते आवडायचं, आणि काही गळ्यांना ते शोभतंही. युसी सूर सहसा सोडत नाही. दुःख त्याच्या आवाजातच असतं, वरून घालावं लागत नाही.

हे आलं कुठून, तर माझ्या मते घरातून. युसीचा जन्म 1911 चा, स्वीडनच्या दालार्ना भागातल्या बुर्लेंगे गावातला. वडील डेव्हिड स्वतः टेनर, न्यूयॉर्कला जाऊन शिकून आलेले. लहान मुलाला गाणं शिकवू नये, गळा बिघडतो, हा समज त्यांना मान्य नव्हता. 1915 च्या डिसेंबरात त्यांनी मुलांना ओरेब्रू शहरात लोकांसमोर उभं केलं तेव्हा युसी पाच वर्षांचाही नव्हता. 1917 मध्ये आई गेली. पुढे वडील आणि तीन मुलगे अमेरिकेत गेले, तिथल्या स्वीडिश वस्त्यांमधून, चर्चमधून गात फिरले. 1920 मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या रेकॉर्डही निघाल्या. युसी तेव्हा नऊ वर्षांचा. श्वास कुठे घ्यायचा, सूर कसा संपवायचा, हे त्याला चालण्याबोलण्याइतकं आपोआप येत होतं. 1926 मध्ये वडीलही वारले.

दोन वर्षांनी तो स्टॉकहोमला जॉन फोर्सेलसमोर गायला. फोर्सेल हे नामवंत बॅरिटोन (टेनरपेक्षा खालच्या पट्टीचे गायक) आणि तिथल्या रॉयल ऑपेराचे प्रमुख, शिस्तीला कडक. 1930 मध्ये पुच्चीनीच्या 'मानों लेस्को'त दिवे लावणाऱ्याची छोटी भूमिका मिळाली, महिन्याभरातच मोझार्टच्या 'दॉन जोव्हान्नी'तली दॉन ओत्ताव्हिओची मोठी भूमिका. तिथे सगळं स्वीडिश भाषेत गायचं. नोव्हेंबर 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पुच्चीनीच्या 'ला बोएम'चा नायक, कवी रोदोल्फो म्हणून उभा राहिला तेव्हा वय 27, आणि पाठीशी स्टॉकहोमच्या रंगमंचावरची आठ वर्षं.

याच रोदोल्फोचं 'के जेलिदा मानीना' हे गाणं त्याने 1936 मध्ये रेकॉर्ड केलंय. अंधारात शेजारीण मिमीचा गार हात हातात आलाय आणि कवी स्वतःची ओळख सांगतोय. वरचा सी (टेनरच्या आवाजातला फार उंच सूर) येतो ती जागा बरेच गायक वेगळी उभी करतात, टाळ्यांसाठी. युसीचा सी वाक्याच्या ओघात येतो आणि ओघातच उतरतो. बोलता बोलता माणसाला भरून यावं तसा. मी तो कितीही वेळा ऐकला तरी अंगावर काटा येतो.

तो नट म्हणून कमी पडायचा, नुसता उभा राहून गायचा, अशी टीका व्हायची. ती खरी असेल. पण हातवाऱ्यांनी जे सांगायचं ते ज्याच्या आवाजात आहे, त्याच्याकडून मला आणखी काही नको.

दारूबद्दलही विचारतात. व्यसन होतं. त्याची पत्नी, गायिका आन्ना-लिसा, हिनेच पुढे ते मोकळेपणाने लिहिलं. त्यातून आवाजाला दुःख आलं असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. 1936 च्या रेकॉर्डमधल्या पंचविशीतल्या आवाजात ते आहेच. व्यसनाने त्याला दिलं काही नाही, नुसतं घेतलं.

हृदयही दुबळं होतं. 15 मार्च 1960 ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात 'ला बोएम'च्या आधी छातीत दुखू लागलं. पडदा उशिरा उघडला, पण त्याने प्रयोग पूर्ण केला. 9 सप्टेंबरला स्टॉकहोमजवळच्या सियारो बेटावर तो गेला, वयाच्या 49 व्या वर्षी.

मार्च आणि सप्टेंबरच्या मधे, जून महिन्यात, व्हिएन्नाला फ्रिट्झ राइनर यांच्या संचालनाखाली त्याने वेर्दीचं 'रेक्विएम' (मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत) रेकॉर्ड केलं. त्यातलं 'इन्जेमिस्को' जरूर ऐका. गुन्हेगार देवापुढे उभा राहून क्षमा मागतो, असं ते गाणं. हुंदक्याला इथे पुरेपूर वाव आहे. युसी एकही घेत नाही, आणि शेवटचा वरचा सूर भरलेला, स्थिर लागतो.