चेक इंजिनचा दिवा लागला की कोड पुसायची एवढी घाई कशाला?

चेक इंजिनचा दिवा लागलेली गाडी सर्व्हिसला द्यायच्या आधी बिघाडाचा कोड आणि त्याच्यासोबतचा फ्रीझ फ्रेम (त्या क्षणाची इंजिनची नोंद) स्वतःजवळ उतरवून ठेवा. माझ्या गाडीची ही माहिती सर्व्हिस सेंटरमध्ये दर वेळी पुसली गेली आणि दर वेळी "झालं काम मॅडम" म्हणत चावी हातात ठेवली गेली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

कोड होता पी०१७१, म्हणजे बँक १ मध्ये (सिलिंडरांच्या पहिल्या रांगेत) मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पेट्रोल इंजिनात वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त उरतोय असं ऑक्सिजन सेन्सरने कळवलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो. वाढवून वाढवून मर्यादा संपली की दिवा लावतो. सेन्सर बिघडलाय असं यात कुठेच नाही. तरी काउंटरवर एकच उत्तर: "ऑक्सिजन सेन्सर बदलावा लागेल." तपासला का, विचारलं तर "स्कॅनरवर तसंच येतंय." तसं येत नव्हतं! त्या सेन्सरच्या सर्किटचे कोड वेगळे असतात, पी०१३० पासून पुढचे. ते माझ्या गाडीत एकदाही आले नाहीत.

मी सेन्सर बदलू दिला नाही, की ते कोड क्लिअर करून गाडी परत द्यायचे. थोडे दिवस बरे जायचे, पुन्हा दिवा. क्लिअर केलं की फ्रीझ फ्रेमही जातो. कोड लागला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, इंजिनवर लोड किती, कूलंट किती तापलेलं, हे सगळं त्यात असतं. गाडी सिग्नलला उभी होती की चढावर होती, यावरून अर्धा शोध तिथेच लागतो. नेमकं तेच ते पुसत होते. बॅटरीची वायर काढली तरी बहुतेक गाड्यांत हेच होतं, म्हणून तो उपायही नको.

शेवटी ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर (गाडीतले कोड आणि आकडे मोबाइलवर दाखवणारा) घेतला. तो लावायचं १६ पिनांचं सॉकेट डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या बाजूला असतं. मोबाइलवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते, पाहिलं: आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) शॉर्ट टर्म (त्या क्षणाचं) आणि लाँग टर्म (टिकून राहिलेलं) मिळून २५ टक्क्यांच्या वर, २५०० आरपीएमला धरलं की एक आकडी. शून्याच्या दोन्ही बाजूंना १० टक्क्यांपर्यंत सहसा चालतं. आयडलला मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम जास्त आणि इंजिन घेत असलेली हवा थोडी, त्यामुळे बारीक चिरेतून शिरणारी, एमएएफ सेन्सरने (आत येणारी हवा मोजणाऱ्या) न मोजलेली हवाही भारी पडते. उलट लोड वाढेल तसं ट्रिम वाढत गेलं, तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा मळलेला एमएएफ सेन्सर यांच्याकडे बघायचं.

ते स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्या मेकॅनिककडे गेले. त्यांनी आकडे नीट वाचले आणि सेन्सरचं नावही न काढता स्मोक टेस्ट लावली, म्हणजे हवेच्या मार्गात धूर सोडून गळती शोधली. पीसीव्हीच्या (क्रँककेसमधले वायू परत इंजिनात नेणाऱ्या) पाइपला वळणावर, खालच्या अंगाला चीर होती, तिथून धूर निघाला. पाइप बदलला, ट्रिम शून्याजवळ आलं. ऑक्सिजन सेन्सर आजही जुनाच आहे आणि व्यवस्थित चालतोय.

हे आधीच सांगायला हवं होतं: दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर शक्य तितक्या लवकर गाडी सुरक्षित जागी थांबवा. मिसफायर होत असतो, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्ट स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं.

आणि गाडी परत घेताना अॅपमध्ये रेडिनेस मॉनिटर्स (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का, ते दाखवणारी यादी) बघा. बरेचसे 'अपूर्ण' दिसले तर कोड नुकताच पुसलाय किंवा बॅटरी काढली होती. मग दुरुस्त नेमकं काय केलं, हे तिथेच उभं राहून विचारा.