थेट दुसऱ्या वर्षाला एम-३: इनसेमची तारीख कळेपर्यंतचा माझा अनुभव

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचे गणित, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले एम-३, डिप्लोमाहून आलेल्या मुलामुलींना जड का जाते याची कारणे सांगणारे पुष्कळ भेटतात. आमचा पाया कच्चा असतो, आम्हाला वर्कशॉपची सवय असते पण वही-पेनाची नसते, असे बरेच काही ऐकून घ्यावे लागते. त्यात थोडेफार तथ्य असेलही. परंतु मला या विषयाने जितका त्रास दिला त्याच्या कितीतरी पट त्रास त्याच्या वेळापत्रकाने दिला, आणि त्यातही एका साध्या प्रश्नाने, ज्याचे उत्तर देणे हे आमच्या महाविद्यालयात कोणाचेच काम नव्हते: डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची इनसेम, म्हणजे सत्राच्या मध्यावरची परीक्षा, नक्की कधी आहे?

आधी विषयाची रचना सांगते, कारण ती कळल्याशिवाय तारखेसाठी जीव का टांगणीला लागतो ते कळणार नाही. आमच्या मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात एम-३ ची सहा युनिट्स आहेत. पहिल्यात स्थिर सहगुणकांची लिनियर डिफरन्शियल इक्वेशन्स आणि स्प्रिंगला टांगलेल्या वजनाची आंदोलने, दुसऱ्यात लाप्लास आणि फूरियर ट्रान्सफॉर्म, मग सांख्यिकी, संभाव्यता, व्हेक्टर कॅल्क्युलस, आणि सहाव्यात पार्शियल डिफरन्शियल इक्वेशन्स, म्हणजे तारेचे कंपन आणि सळईतून वाहणारी उष्णता. पहिल्या दोन युनिट्सवर ३० गुणांची इनसेम, उरलेल्या चारांवर ७० गुणांची सत्राअखेरची एंडसेम, आणि शिवाय ट्यूटोरियलच्या वहीवर २५ गुणांचे टर्मवर्क. याचा अर्थ असा की पहिले युनिट फक्त इनसेमलाच विचारले जाते. सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांत जे शिकवले, त्याची परीक्षा तिथेच होऊन जाते, आणि नेमके तेच आठवडे आमच्या वाट्याला येत नाहीत. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा निकाल, कागदपत्रांची पडताळणी, प्रवेशाच्या फेऱ्या हे सारे उरकून आम्ही वर्गात पाऊल टाकतो, तेव्हा फळ्यावर लाप्लास संपत आलेला असतो.

प्रवेशाची प्रक्रिया माझ्या बाबतीत विनासायास पार पडली, त्यामुळे तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. कराडला डिप्लोमा, पुण्याला प्रवेश, हॉस्टेलला जागा, इतकेच.

परीक्षा विभागाबाहेरच्या फलकावर इनसेमचे वेळापत्रक लागले, तेव्हा मी ते मोबाईलमध्ये टिपून घेतले आणि खाली पाहिले, तर तिथे बारीक अक्षरांत एक ओळ होती: ‘थेट द्वितीय वर्ष प्रवेशित विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र सूचना यथावकाश देण्यात येईल.’ आम्ही सगळे त्या ओळीसमोर उभे होतो. स्वतंत्र सूचना म्हणजे स्वतंत्र परीक्षा, की याच परीक्षेसाठी स्वतंत्र बैठकव्यवस्था, की आमच्या अर्जांपुरती काही सूचना, हे त्या वाक्यावरून कळण्यास मार्ग नव्हता. पहिल्या अर्थाने आमच्या हातात बऱ्यापैकी वेळ होता, दुसऱ्या अर्थाने जेमतेम आठवडा होता.

परीक्षा विभागाची खिडकी दुपारी दोन ते चार उघडी असे, आणि आमची प्रॅक्टिकल्सही नेमकी त्याच वेळेत असत. वर्कशॉपमधून परवानगी काढून, रांगेत उभे राहून जे उत्तर मिळे ते असे: ‘बाळा, परिपत्रक आल्याशिवाय आम्ही काय सांगणार? तुमच्या डिपार्टमेंटला विचारा.’ डिपार्टमेंटमध्ये एचओडी सर म्हणत की परीक्षेचा विषय परीक्षा विभागाचा आहे. मग कोणीतरी शोध लावला की आमचा कायम नोंदणी क्रमांक, ज्याला सगळे पीआरएन म्हणतात, अजून तयारच झालेला नाही आणि त्याशिवाय परीक्षेचा अर्ज ऑनलाइन भरता येत नाही. पीआरएन पात्रता तपासल्यावर मिळतो, आणि पात्रतेची कागदपत्रे विद्यार्थी विभागाकडे असतात. विद्यार्थी विभागाने सांगितले की प्रस्ताव पुढे पाठवला आहे, आता विचारायचे ते परीक्षा विभागाला. तीन दारे, तिन्ही एकाच मजल्यावर, आणि प्रत्येक दारात पुढच्या दाराकडे दाखवणारे बोट.

मला राग आला तो नकाराचा नव्हे. कोणी ‘नाही’ म्हटले असते तर निदान त्यावर काही करता आले असते. इथे प्रत्येकजण सौजन्याने बोलत होता, कोणी आवाज चढवला नाही, एका मॅडमनी तर आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. आणि तरीही प्रत्येक फेरीनंतर आम्ही होतो तिथेच होतो. दरम्यान व्हॉट्सअॅपवर अफवांचे पीक आले होते. गेल्या वर्षीच्या एका दादाने सांगितले की त्यांची परीक्षा वेगळी झाली होती. दुसऱ्या महाविद्यालयातल्या मैत्रिणीने सांगितले की यंदा सगळ्यांची एकत्रच आहे आणि न दिल्यास गैरहजेरी लागणार. आमच्यातले काहीजण पहिल्या बातमीवर विसंबून गावी गेले.

शेवटी कोंडी फुटली ती लेखी अर्जाने, आणि या लिखाणातला सर्वांत कामाचा भाग हाच आहे असे मी समजते. तोंडी विचारणाऱ्याला तोंडी उत्तर मिळते आणि ते कोणालाच बांधून ठेवत नाही. आम्ही प्राचार्यांच्या नावे एक पानी अर्ज केला. त्यात तक्रारीचा सूर ठेवला नाही. फक्त आमचे प्रवेशाचे दिनांक, पीआरएन प्रलंबित असल्याची वस्तुस्थिती, आणि दोनच प्रश्न लिहिले: आमची इनसेम नियमित वेळापत्रकानुसार आहे का, आणि असल्यास पीआरएनशिवाय आम्हाला बसू देणार का. खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. अर्ज कोणाच्या हातात दिला नाही, तर आवक-जावक कक्षात नेऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. तो क्रमांक सांगितल्यावर त्याच खिडकीवरच्या काकांनी पहिल्यांदा उठून आतल्या टेबलावरची फाइल उघडली. फाइलमध्ये आमच्या पात्रतेचा प्रस्ताव होता, आणि त्यावर एका रकान्यात सही राहिलेली होती. इतके दिवस ज्याला सगळे ‘वरून यायचे आहे’ असे म्हणत होते, ते वर गेलेलेच नव्हते.

त्यानंतर गाडी हलली. स्वतंत्र परीक्षेची सूचना आली, आणि नियमित मुलांच्या परीक्षेनंतर आमची इनसेम घेण्याचे ठरले. सूचना लागली तेव्हा परीक्षा अगदी तोंडावर आली होती आणि आमचे बाकीचे विषयही ओळीने लागून आले होते, परंतु निदान तारीख होती. मला त्या दिवशी इतके हायसे वाटले की परीक्षा सोपी जाणार की अवघड, हा विचारही मनात आला नाही.

मी या सगळ्या काळात अभ्यास अलीकडची तारीख धरूनच केला होता, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. ज्यांनी पलीकडची तारीख धरली, त्यांना सूचना लागल्यावर एका आठवड्यात दोन युनिट्स उरकावी लागली. तुमच्यासमोर दोन तारखा असतील तर जवळची खरी माना. परीक्षा पुढे गेली तर उजळणीला वेळ मिळतो.

अभ्यासाचे म्हणाल तर डिप्लोमात आमचे गणित दुसऱ्या सत्रानंतर संपलेले होते. त्यात पहिल्या क्रमाची, पहिल्या घाताची इक्वेशन्स होती, पण त्यापुढे काही नाही. म्हणून मी आधी फक्त सीएफ (कॉम्प्लिमेंटरी फंक्शन, म्हणजे उजवी बाजू शून्य धरून येणारे उत्तर) काढण्यावर वेळ दिला: ऑक्झिलरी इक्वेशनची मुळे वेगळी असतील तर काय, सारखी असतील तर काय, काल्पनिक असतील तर काय. हा भाग एका बैठकीत होतो आणि तो हातात बसला की आत्मविश्वास येतो. पीआयसाठी (पर्टिक्युलर इंटिग्रल, म्हणजे उजव्या बाजूमुळे येणारे उत्तर) मात्र शॉर्टकट पद्धती नुसत्या पाठ करून भागत नाही, कारण प्रश्नपत्रिकेत शॉर्टकट जिथे अडतो तीच जागा विचारली जाते. उदाहरणार्थ, डी म्हणजे डी बाय डीएक्स धरून, डावीकडे डी वर्ग वजा ४ डी अधिक ४ आणि उजवीकडे ई चा २ एक्स घात. डीच्या जागी २ घातले की छेद शून्य होतो. मग एक्सने गुणायचे आणि छेदाचे डीसापेक्ष डेरिव्हेटिव्ह घ्यायचे; ते २ डी वजा ४, पुन्हा शून्य. पुन्हा एकदा तेच करायचे, तेव्हा छेदात २ उरतो आणि उत्तर येते एक्स वर्ग भागिले २, गुणिले ई चा २ एक्स घात. ट्यूटोरियलच्या मॅडमनी मला हे गणित दुसऱ्या शून्यापाशी थांबवून विचारले होते की इथे उत्तर नाही असे लिहायचे का. त्या प्रश्नानंतर ती पायरी मी कधी विसरले नाही.

व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स लांबलचक वाटते म्हणून मुले सोडून देतात, पण उजवीकडे कोसेक किंवा टॅन दिसले की दुसरा उपाय सहसा नसतो, आणि पद्धत एकच असल्याने तिथे गुण खात्रीचे असतात. कॉशी आणि लेजान्द्र यांची इक्वेशन्स चल बदलला की पुन्हा स्थिर सहगुणकांचीच होतात, त्यामुळे ती पहिल्या भागानंतर लगेच घ्यावीत. सिमेट्रिक सायमल्टेनियस मी शेवटी ठेवले, कारण त्यात योग्य गुणक सुचावे लागतात आणि एका तासाच्या परीक्षेत सुचण्याची वाट पाहता येत नाही. तीस गुणांना साठ मिनिटे, म्हणजे गुणामागे दोन मिनिटे. पाच गुणांच्या गणितावर पंधरा मिनिटे गेली की पुढचे एक गणित हातचे गेले असे समजावे.

दोन्ही युनिट्स एकत्र पक्की करण्याचा एक मार्ग मला उपयोगी पडला. वाय डबल डॅश अधिक ४ वाय बरोबर कॉस २ टी, सुरुवातीला स्प्रिंग स्थिर, हे एकच गणित मी आधी पीआयने सोडवले आणि नंतर लाप्लासने. दोन्हीकडून टी भागिले ४ गुणिले साइन २ टी हेच आले. बाहेरील बलाची वारंवारता स्प्रिंगच्या स्वतःच्या वारंवारतेशी जुळली की आंदोलन वाढत का जाते, हे त्या उत्तरातल्या नुसत्या टी मुळे दिसते. रेझोनन्सची व्याख्या वाचून मला ते तितके स्पष्ट झाले नव्हते.

टर्मवर्कबद्दल वर सांगायचे राहिले. आम्ही येण्याआधी झालेली ट्यूटोरियल्स लिहून देण्याची मुदत सहसा फलकावर लागत नाही; ती बॅचच्या मॅडमना विचारावी लागते, आणि ज्या दिवशी वही तपासून होईल त्याच दिवशी सही व तारीख घ्यावी. सत्राच्या अखेरीस सगळ्यांच्या वह्या एकदम येतात तेव्हा मागील तारखेच्या सहीसाठी आर्जवे करावी लागतात, आणि ती करूनही सही मिळेलच असे नाही. माझ्या वहीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मी प्रत्येक ट्यूटोरियलसमोर तारीख आणि सही असा तक्ता आखला होता, तो गुण भरताना मॅडमनाही सोयीचा झाला.

सहाव्या युनिटची तयारी मात्र आधीपासून करावी, कारण तिथे उष्णतेच्या समीकरणाला फूरियरची हाफ-रेंज साइन सिरीज लागते आणि ती पहिल्या वर्षाच्या गणितात होऊन गेलेली असते, जे आमचे झालेलेच नसते. सळईची दोन्ही टोके शून्य तापमानावर असली की तीन संभाव्य उत्तरांपैकी काळाबरोबर क्षीण होत जाणारे उत्तर घ्यायचे, इथपर्यंत सगळे येतात. पुढे सहगुणक काढताना डिप्लोमावाले थबकतात. दिवाळीच्या सुट्टीत तेवढा एक भाग पहिल्या वर्षाच्या पुस्तकातून करून घेतला तर पुरे. त्यासाठी संपूर्ण एम-१ वाचण्याची गरज नाही, वर्गातले मित्र काहीही सांगोत.

आणि अर्जाची ती शिक्का मारलेली दुसरी प्रत फेकून देऊ नये. एंडसेमच्या परीक्षा अर्जाच्या वेळी आमच्यातल्या दोघांचा पीआरएन पुन्हा दिसेनासा झाला होता, तेव्हा तोच आवक क्रमांक दाखवून त्यांचे अर्ज विलंब शुल्काशिवाय भरून घेतले गेले.