खाडीकाठचा कॅमेरा: ऑब्जेक्ट स्टोरेजच्या रिक्वेस्टचे हेडर हाताने रचताना

विजयदुर्गजवळ वाघोटण खाडीच्या काठी, धक्क्याच्या खांबावर रंगवलेल्या मोजपट्टीसमोर बसवलेला, ईएसपी-३२ या मायक्रोकंट्रोलरवर (एका चिपवरच्या छोट्या संगणकावर) चालणारा कॅमेरा आता पाण्याच्या पातळीचे छायाचित्र दर पंधरा मिनिटांनी टिपून ते ॲमेझॉन एस-थ्री या ऑब्जेक्ट स्टोरेजच्या (फाइली ‘ऑब्जेक्ट’ म्हणून साठवणाऱ्या इंटरनेटवरील सेवेच्या) मुंबई विभागातील बकेटमध्ये, म्हणजे साठवणीच्या कप्प्यात, स्वतःच पाठवू लागला आहे. मागच्या टप्प्यापर्यंत हे काम रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरची तयार लायब्ररी करत असे; परंतु पावसाळ्यात सौर पॅनेलवर त्या संगणकाची विजेची भूक भागत नाही. त्यामुळे ती पायरी काढून टाकून प्रत्येक रिक्वेस्ट (सर्व्हरला केलेली मागणी) हेडरसकट, म्हणजे मजकुराआधी जाणाऱ्या माहितीच्या ओळींसकट, मायक्रोकंट्रोलरवरच रचायची, हे या टप्प्याचे काम होते. ते करताना माझे एक मत पक्के झाले: जिथे वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे आहेत, तिथे छायाचित्र विश्वासाने पोचते की नाही हे हेडरच ठरवतात, म्हणून त्यांचा प्रत्येक शब्द आपण स्वतः समजून घेतला पाहिजे.

सर्वांत जास्त वेळ घड्याळाने घेतला. रिक्वेस्ट आपलीच आहे हे एस-थ्रीला पटवणाऱ्या स्वाक्षरीच्या चौथ्या आवृत्तीत ‘एक्स-एएमझेड-डेट’ या हेडरमध्ये रिक्वेस्टची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहावी लागते, आणि ती सर्व्हरच्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटांहून अधिक मागे किंवा पुढे असली, तर बाकी सगळे बिनचूक असूनही ४०३ हे नकाराचे उत्तर येते. ईएसपी-३२ची वीज पूर्ण गेली की त्याला वेळ आठवत नाही, आणि वीज परत आली तरी नेटवर्क लगेच येतेच असे नाही. यासाठी डीएस-३२३१ हे बॅटरीवर चालणारे घड्याळ जोडले. सामान्य तापमानात त्याची चूक दहा लाखांत दोन भाग, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट इतकीच असल्याने पंधरा मिनिटांच्या मर्यादेची चिंता उरली नाही. नेटवर्क मिळाले की ते इंटरनेटवरील वेळेशी जुळवून घेतले जाते.

आपल्याकडच्या मंडळींनी यातली एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्याने मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीतली तारीख आदल्या दिवसाचीच असते. १५ जुलैला पहाटे ४:१० वाजता पाठवलेल्या रिक्वेस्टमध्ये ‘२०२५०७१४टी२२४०००झेड’ असे लिहावे लागते, आणि ‘ऑथरायझेशन’ हेडरमधील तारखेचा तुकडासुद्धा १४ जुलैचाच हवा. स्वाक्षरीची किल्ली खात्याच्या गुप्त किल्लीपासून तारीख, विभाग, सेवा आणि एक ठरावीक शब्द अशा चार पायऱ्यांनी एचमॅक (किल्ली मिसळून मजकुराची खूण काढण्याची गणिती रीत) वापरून काढली जाते. त्यामुळे ती दिवसभर तशीच वापरता येते आणि आपल्या घड्याळाने सकाळी साडेपाचला बदलते. मी ती त्या वेळी एकदाच काढून मेमरीत ठेवतो.

स्वाक्षरीचा बाकीचा भाग शिस्तीचा आहे, अवघड नाही. हेडरची नावे इंग्रजीच्या लहान (लोअरकेस) अक्षरांत, वर्णक्रमाने लावायची, मूल्याच्या मागचे-पुढचे मोकळे अंतर छाटायचे, प्रत्येकाला स्वतंत्र ओळ द्यायची आणि शेवटी त्या नावांची यादी अर्धविरामांनी जोडून लिहायची. ‘होस्ट’ आणि ‘एक्स-एएमझेड’ने सुरू होणारे सगळे हेडर स्वाक्षरीत असलेच पाहिजेत; ‘कंटेंट-टाइप’ पाठवला तर तोही. स्वाक्षरी जुळली नाही तर ४०३च्या उत्तरातील एक्सएमएलमध्ये सर्व्हरने स्वतः रचलेला मजकूर छापून येतो. आपण रचलेला मजकूर सीरियल मॉनिटरवर (जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर) काढून तो त्याच्याशी ओळीला ओळ लावून पाहिला की फरक कुठे आहे ते नेमके सापडते. माझ्या मते शिकण्यासाठी यापेक्षा चांगले साधन नाही.

‘एक्स-एएमझेड-कंटेंट-एसएचए२५६’ या हेडरमध्ये पाठवायच्या मजकुराचा एसएचए-२५६ ठसा (मजकुरावरून गणिताने काढलेली, मजकूर बदलला की बदलणारी खूण) चौसष्ट अंकाक्षरांत द्यायचा असतो. एचटीटीपीएस असेल तर ‘अनसाइन्ड-पेलोड’ असे लिहून ही पायरी टाळता येते, आणि कमी मेमरीच्या सर्किट बोर्डांवर पुष्कळ जण तसे करतात. मी मात्र ठसा काढतोच. ओव्ही-२६४० या कॅमेरा-चिपचे छायाचित्र पीएसरॅममध्ये (जोड मेमरीत) अखंड मावते, ठसा काढण्यासाठी ईएसपी-३२मध्ये वेगळे हार्डवेअर आहे, आणि त्याच्या बदल्यात मिळणारी हमी मोठी आहे: सर्व्हर आलेल्या बाइटांचा ठसा पुन्हा काढतो आणि तो जुळला नाही तर ऑब्जेक्ट साठवतच नाही. ‘कंटेंट-लेंग्थ’ही अचूक हवा, तो नसला तर ४११ हे नकाराचे उत्तर येते.

आता या टप्प्यातला मला सर्वांत आवडलेला भाग. छायाचित्र पूर्ण पोचले, पण ‘पोचले’ हे उत्तर परत येण्याआधीच नेटवर्क गेले, तर कॅमेऱ्याने काय करावे? पुन्हा पाठवणे भागच आहे. परंतु त्यात आधीच्या ऑब्जेक्टवर दुसरे काही लिहिले जाता कामा नये. ऑगस्ट २०२४ पासून एस-थ्रीमध्ये पुट (ऑब्जेक्ट लिहिण्याच्या) रिक्वेस्टसोबत ‘इफ-नन-मॅच’ हा हेडर तारांकन देऊन पाठवता येतो. त्या नावाचा ऑब्जेक्ट नसेल तरच लिहिले जाते, असेल तर ४१२ हे उत्तर मिळते. ऑब्जेक्टच्या नावातच मी टिपल्याची वेळ आणि ठशाची पहिली आठ अक्षरे घातली आहेत. त्यामुळे ४१२चा अर्थ ‘हेच छायाचित्र आधी पोचलेले आहे’ असा निःशंकपणे घेता येतो आणि कॅमेरा ते मेमरी कार्डावरील रांगेतून काढून टाकतो. यासाठी वाचण्याचा परवाना लागत नाही, हा आणखी एक फायदा. धक्क्यावरची पेटी कोणी उचलून नेली तरी तिच्यातील गुप्त किल्लीने नावाच्या एकाच उपसर्गाखाली (ठरावीक सुरुवातीखाली) नवे ऑब्जेक्ट लिहिण्यापलीकडे काही करता येऊ नये, अशी परवानगी ठेवली आहे आणि बकेटच्या धोरणात हा हेडर सक्तीचा केला आहे. एस-थ्रीसारखीच एपीआय (प्रोग्रामने सेवेशी बोलण्याची पद्धत) देणाऱ्या इतर सेवा वापरणाऱ्यांनी त्यांची सेवा हा हेडर खरोखर पाळते की नुसता दुर्लक्षून ऑब्जेक्ट लिहून टाकते, हे एकाच नावाने दोनदा पाठवून आधी तपासावे.

टिपल्याची वेळ ‘एक्स-एएमझेड-मेटा’ने सुरू होणाऱ्या स्वतंत्र हेडरमध्येही जाते. ‘लास्ट-मॉडिफाइड’वर विसंबता येत नाही, कारण ती ऑब्जेक्ट पोचल्याची वेळ आहे, नेटवर्क सहा तास नसले तर तेवढ्यात भरतीची ओहोटी झालेली असते आणि आलेख उलटा निघतो. याच हेडरांत बॅटरीचा विद्युतदाब आणि उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती) याची खूणही ठेवतो. अशा सर्व मेटाडेटाला (ऑब्जेक्टसोबतच्या माहितीला) मिळून २ केबीची मर्यादा आहे आणि मूल्ये अमेरिकी आस्की अक्षरांत असावीत अशी अपेक्षा असते. देवनागरीत ‘भांग’ लिहून पाठवले तर ते वाचताना सांकेतिक रूपात परत येते, म्हणून खुणांसाठी मी अंक ठरवून घेतले. मेटाडेटा नंतर जागच्या जागी बदलता येत नाही. ऑब्जेक्टची स्वतःवरच प्रत करून ‘एक्स-एएमझेड-मेटाडेटा-डायरेक्टिव्ह’ला ‘रिप्लेस’ असे सांगावे लागते. तेव्हा काय नोंदवायचे ते आधीच विचारपूर्वक ठरवावे.

‘कंटेंट-टाइप’ला जेपेगचा प्रकार दिला आहे, नाहीतर सर्व्हर तो साधा द्विमान मजकूर मानतो आणि ब्राउझर चित्र दाखवण्याऐवजी उतरवून घेतो. छायाचित्र कधीच बदलणार नसल्याने ‘कॅश-कंट्रोल’मध्ये ब्राउझरने प्रत जपून ठेवण्याची वर्षभराची मुदत आहे. साठवणुकीचा स्वस्त वर्ग सध्या टाळला आहे, कारण तिथे १२८ केबीपेक्षा लहान ऑब्जेक्टचेही १२८ केबीचे भाडे लागते आणि माझी बरीच छायाचित्रे त्याहून लहान आहेत.

घरी बसून दिवसभराच्या छायाचित्रांची चित्रफीत उतरवताना ‘रेंज’ हेडर उपयोगी पडतो. उतरवणे मध्येच तुटले तर शेवटच्या बाइटपासून पुढचा भाग मागायचा आणि सोबत ‘इफ-मॅच’मध्ये आधीचा ईटॅग (ऑब्जेक्टच्या मजकुराची ओळखखूण) द्यायचा, फीत दरम्यान बदलली नसेल तरच २०६ येऊन उरलेला तुकडा मिळतो, बदलली असेल तर ४१२.

पुढचे काम ‘एक्स्पेक्ट’ हेडरचे आहे. त्यात ‘१००-कंटिन्यू’ मागितले की सर्व्हरने हेडर तपासून होकार दिल्यानंतरच कॅमेरा छायाचित्राचे बाइट सोडतो, म्हणजे ४१२ किंवा ४०३ येणार असेल तर डेटा आणि बॅटरी दोन्ही वाचतात. मात्र त्यासाठी उत्तराची एक जादा वाट पाहावी लागते, आणि खाडीकाठच्या मंद नेटवर्कवर रेडिओ तेवढा वेळ जागा ठेवणे स्वस्त पडते की महाग, हे पहिल्या प्रयत्नात हा हेडर न लावता आणि पुनःप्रयत्नात मात्र लावून, बॅटरीच्या विद्युतदाबाच्या नोंदींवरून तपासणार आहे.