आमची वाटचाल: कुकरच्या रिंगांपासून दाणेदार टोकांपर्यंत

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील आमच्या शेडमध्ये पूर्वी कुकरच्या रिंगा आणि पंपांचे ओ-रिंग निघत असत. धंतोलीत स्पीच थेरपीचे केंद्र चालवणाऱ्या एका बाईंनी दातांनी फाटलेली परदेशी च्यू ट्यूब (मुलांना चावण्याच्या सरावासाठी द्यायची लवचिक नळी) रुमालातून काढून प्रेसशेजारच्या टेबलावर ठेवली आणि "हिची किंमत ऐकून माझ्याकडचे अर्धे पालक मागे फिरतात, तुम्ही करून द्याल का?" असे विचारले, तेव्हा हे काम सुरू झाले.

रबर म्हणजे रबर, अशा समजुतीने केलेला पहिला नमुना त्यांनी स्वतःच्या गालाच्या आतून फिरवला आणि लगेच परत दिला. टोकावरच्या दाण्यांच्या कडा बोचत होत्या. या दाण्यांचे खड्डे डायमध्ये, म्हणजे साच्यात, स्पार्किंगने (विजेच्या ठिणग्यांनी) कोरले जातात. खड्ड्याची कड गोल झाली नाही, तर तीच धार सिलिकॉनमध्ये हुबेहूब उतरते. तीनदा ठिणग्या पाडणारा इलेक्ट्रोड बदलला, सिलिकॉन रबराचा कडकपणा शोर ए या मापावर ७० वरून ५० वर आणला, तेव्हा कुठे बाईंनी मान डोलावली.

मग त्यांनी मला केंद्रात नेऊन बसवले. वरण-भातातले एक अख्खे शीत लागले तरी उमळणारा एक मुलगा तेथे येत असे. दाणेदार टोक आधी त्याच्या तळहातावर, मग गालावर, ओठांवर, काही आठवड्यांनी हिरड्यांवर आणि शेवटी जिभेच्या कडेला लावले गेले, तेही त्याच्या कलाने. पुढे ट्यूब एका बाजूला दाढांखाली देऊन चावण्याचा सराव झाला, कारण घास दाढेकडे वळवायला जीभ शिकल्याशिवाय पोळी चावता येत नाही.

त्यानंतरची पाच-सहा वर्षे बरी गेली. मग एका मोठ्या वितरकाने बाराशे नगांची ऑर्डर दिली आणि आम्ही कर्ज काढून चार कॅव्हिटीची (एकदम चार नग काढणारी) डाय व दुसरा प्रेस घेतला. पेरॉक्साइड घालून पक्के केलेले सिलिकॉन प्रेसमधून निघाल्यावर ओव्हनमध्ये सुमारे २०० अंशांवर चार तास ठेवावे लागते, नाहीतर आत अडकलेले अवशेष वास मारत राहतात. त्या मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, ओव्हनचा ब्लोअर बंद पडला आणि मागच्या ट्रेवरचा माल कच्चा राहिला. आमच्या सरावलेल्या नाकांना तो वास कळलाच नाही. चूक आमचीच होती. परंतु कच्चे निघालेले दीडशे नग बदलून देण्याची तयारी दाखवूनही वितरकाने पूर्ण बाराशेचे पैसे अडवले आणि मालही परत केला नाही. हप्ते थकले, चारपैकी दोन कामगार सोडून गेले, नवा प्रेस वाडीच्या एका कारखानदाराने निम्म्या किमतीत नेला. बाईंनी मात्र सहा महिन्यांच्या मालाचे पैसे आगाऊ दिले आणि पावतीसुद्धा मागितली नाही.

वर्षभरात त्या वितरकाकडे आमचेच तीन आकार दुसऱ्या नावाने दिसू लागले. मोल्डिंगनंतर सिलिकॉन दोन-तीन टक्के आकसते, म्हणून तयार नगावरून डाय काढली की नक्कल तेवढी बारीक निघते. व्हर्निअर लावून पाहिले: आमचे टोक १२ मिलिमीटर, त्यांचे ११.७. शिवाय आमच्या डायमेकरच्या हातून मुठीच्या भागात राहिलेला केसाएवढा ओरखडा त्यांच्या प्रत्येक नगावर उमटलेला होता.

नकलेपेक्षा त्यांच्या पेटीवरचा मजकूर जास्त सलतो: महिनाभरात 'र' आणि 'ळ' स्पष्ट! नुसते चघळून किंवा फुंकून उच्चार सुधारतात याला भक्कम आधार नाही, उच्चार बोलण्याच्याच सरावाने येतात, हे बाई पालकांना रोज सांगतात. आमच्या पेटीवर चावणे, खाणे आणि तोंडातील स्पर्शाची सवय एवढेच छापलेले असते, आणि त्यापायी दुकानदार आम्हाला मागच्या फळीवर ठेवतात.

कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी असलेल्या थेरपिस्टला दाखवल्याशिवाय ही साधने घेऊ नयेत, आमच्याकडूनही नाही. वापरण्यापूर्वी प्रत्येक वेळी नग उजेडात ताणून पाहावा. सिलिकॉनला चीर पडली की ती झपाट्याने वाढते आणि तुटलेला तुकडा मुलाच्या घशात अडकू शकतो. साधन तोंडात असताना मुलाजवळून उठू नये.

सध्या एकाच प्रेसवर काम चालते. बाईंची मागणी अजूनही फोनवरच येते, रंगांच्या नावांनी. डाय अधूनमधून पॉलिशला जाते. तो ओरखडा मात्र मी डायमेकरला काढू देत नाही.